सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ओट्यावर गुळवेलीचा काढा

मालवणजवळ किनाऱ्यालगत घरगुती न्याहारी-निवास चालवणाऱ्या एका बाईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे काकी म्हणू. वय ४७, उंची पाच फूट दीड इंच, वजन ६४ किलो. दहा वर्षांपासून थायरॉईड कमी असल्याची गोळी चालू. दारू नाही, तंबाखू नाही. मिश्री होती, तीही सुटली होती.

मे महिन्यात पर्यटकांची झुंबड असताना त्यांना थकवा जाणवायला लागला, जेवणानंतर पोट फुगायचं. गावात भरलेल्या एका तपासणी शिबिरात रक्त दिलं. लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी ६८, एसजीओटी ५२. लॅबने दोन्हींची वरची मर्यादा ४० छापली होती. सोनोग्राफीत ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ आलं. हाती महिनाभराच्या लिव्हरच्या गोळ्या पडल्या आणि तेलकट बंद करायचा सल्ला मिळाला. साखर तपासली नाही, बी आणि सी काविळीच्या चाचण्या केल्या नाहीत, थायरॉईडची गोळी नीट घेतली जाते का हेही कुणी विचारलं नाही.

या टप्प्यावर फारसं काही बिघडलं नव्हतं. एसजीपीटी दीडपट वाढणं ही रोजची गोष्ट आहे आणि आपल्याकडे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण फॅटी लिव्हरच आहे. खटकण्याजोगी गोष्ट वेगळीच. सोनोग्राफीचा कागद हाती आला की चौकशी तिथेच संपते. चरबी दिसली, कारण सापडलं, पुढचा रुग्ण. चरबी इतक्या जणांच्या लिव्हरमध्ये असते की दुसरं एखादं दुखणंही बऱ्याचदा त्याच चरबीच्या आडोशाला बसलेलं असतं. काकींच्या बाबतीत मे महिन्यात ते नव्हतं. ते नंतर आलं, आणि आलं तेही फॅटी लिव्हरच्या निदानामुळेच.

या आकड्यांतून काय कळतं

एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत काम करणारी एन्झाइम्स आहेत. पेशीला इजा झाली की ती रक्तात येतात. म्हणजे आकडा वाढला तर इजा चालू आहे एवढं कळतं. लिव्हर काम किती करतंय ते त्यातून कळत नाही. त्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे आयएनआर, पाहावा लागतो. सिरोसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होणं, झालेल्या माणसाची एन्झाइम्स साफ नॉर्मल असू शकतात. उलट साध्या कावीळीत ती दोन हजारांवर जातात आणि माणूस महिन्या-दीड महिन्यात खडखडीत बरा होतो.

एसजीओटी लिव्हरखेरीज स्नायूंतही भरपूर असतं. आदल्या दिवशी चिरेखाणीत मरमर राबलेल्या किंवा जिममध्ये पहिल्यांदाच वजनं उचललेल्या माणसाचं एसजीओटी वाढलेलं दिसलं, तर आधी सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची चाचणी, करून पाहावी. दोन्हींचं आपसातलं प्रमाणही बोलतं. साध्या फॅटी लिव्हरमध्ये एसजीपीटी वर असतं. दारूच्या लिव्हरमध्ये एसजीओटी त्याच्या दुपटीवर जातं आणि एसजीपीटी सहसा तीनशेच्या आतच राहतं. आपल्या भागात ‘दारू घेता का’ असं विचारलं तर उत्तर नाही येतं. माडी, फेणी, बोटीवर थंडीसाठी घेतलेला पेग यांना त्या प्रश्नात जागाच नसते. म्हणून एकेक नाव घेऊन विचारायचं. काकींकडे यातलं काहीच नव्हतं.

सोनोग्राफीबद्दलही थोडं. लिव्हरमध्ये अंदाजे २० ते ३० टक्के चरबी साठल्याशिवाय ती साध्या मशीनवर खात्रीने दिसत नाही. ग्रेड वन, टू, थ्री हा पडद्यावरच्या पांढुरकेपणाचा नजरेने केलेला अंदाज आहे. लिव्हरमध्ये व्रण किती पडलेत, म्हणजे फायब्रोसिस किती, हे त्या ग्रेडमधून कळत नाही. पुढे धोका ठरतो तो त्या फायब्रोसिसवरून. लोक मात्र ‘माझं ग्रेड टूवरून ग्रेड वन झालं’ म्हणून पेढे वाटतात.

ऑगस्ट

नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याभरात काकींची भूक मेली. माशाचा वास आला की मळमळ, अंगाला खाज, लघवी गडद. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसले. जावेने काविळीची माळ आणून गळ्यात घातली. माळेने कुणाचं नुकसान होत नाही, म्हणून मी ती काढायला सांगत नाही. नाकात पिळायचा पाला आणि पोटात घ्यायची पुडी मात्र घेऊ देत नाही.

पावसाळ्यात कोकणात ताप आणि पिवळे डोळे दिसले की आधी लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणारा ताप, मनात येतो, आणि यायलाच हवा. भातलावणीच्या चिखलात उघड्या पायांनी उभं राहणारा जिल्हा आहे हा. पण काकींना ताप नव्हता. रिपोर्ट आले ते असे: एसजीपीटी ७८०, एसजीओटी ६९०, बिलिरुबिन ५.४, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनलिकेशी जोडलेलं एन्झाइम) १६०, प्लेटलेट्स दोन लाख दहा हजार, क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) नॉर्मल, आयएनआर १.२.

लेप्टोमध्ये चित्र बहुधा उलटं असतं. बिलिरुबिन चिक्कार वाढतं, एन्झाइम्स मात्र शे-दोनशेच्या घरात रेंगाळतात. सोबत क्रिएटिनिन चढतं, प्लेटलेट्स उतरतात आणि पोटऱ्या हात लावू देत नाहीत. डेंग्यूत एसजीओटी एसजीपीटीच्या वर जातं आणि प्लेटलेट्स घसरतात. दोडामार्गकडची बाई असती आणि दिवस काजू-आंब्याचे असते तर माकडतापही डोक्यात आला असता. त्यातही एन्झाइम्स वाढतात. पण तो ताप कोरड्या महिन्यांतला आणि जंगलात जाणाऱ्यांचा. ए आणि ई कावीळ पावसात दूषित पाण्यातून येते आणि आकडे हजारांत नेते. ती शक्यता सर्वांत जास्त होती. ए, बी, सी, ई चारही चाचण्या आणि लेप्टोची चाचणी निगेटिव्ह आल्या. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली नव्हती, खडे नव्हते. ‘फॅटी लिव्हर ग्रेड टू’ मात्र पुन्हा लिहून आलं.

घरच्यांना तेच कारण वाटलं. मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, मे महिन्यातलंच वाढलं ना हे?’ नाही. नुसत्या फॅटी लिव्हरने एसजीपीटी ७८० होत नाही. त्यात ते सहसा मर्यादेच्या चार-पाच पटींच्या आत असतं, आणि बरेचदा पूर्ण नॉर्मलही असतं. वीसपट आकडा दिसला की चरबी बाजूला ठेवून दुसरा हात शोधायचा.

काकींचा प्रश्न वेगळा होता. ‘डॉक्टरानु, मी दारू पियणंय नाय, मगे माझा लिव्हर कित्याक बिघाडला?’

पिशवी

औषधांची चौकशी झाली होती. थायरॉईडची गोळी, अधूनमधून ॲसिडिटीची गोळी, शिबिरातल्या लिव्हरच्या गोळ्या, त्याही जूनमध्ये संपलेल्या. ‘आणखी काही?’ ‘नाय.’ या प्रश्नाला हे उत्तर ठरलेलंच असतं, कारण दुकानातून आणलेली स्ट्रिप हेच लोकांच्या लेखी औषध. म्हणून प्रश्न फिरवून विचारावा लागतो: सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत तोंडात काय काय जातं, क्रमाने सांगा.

काकींनी सुरुवात केली ती काढ्यापासूनच. घरामागच्या रायवळ आंब्यावर गुळवेल चढलेली. अंगठ्याएवढी जाड, कागदासारखी साल सुटलेली, पानं हृदयाच्या आकाराची. तिचा वीतभर तुकडा ठेचून रात्री पाण्यात टाकायचा, सकाळी उकळून निम्मा करायचा आणि उपाशीपोटी प्यायचा. सून दुसऱ्या दिवशी पिशवीतून तो वेलाचा तुकडा आणि वर बाजारातल्या गुळवेल गोळ्यांची अर्धी डबी घेऊन आली. पाऊस लागला की वेल तोडायला जाता येत नाही, त्या दिवसांसाठी गोळ्या. सुरुवात जूनच्या पहिल्या आठवड्यातली. कारण? फोनवर फिरत आलेला एक संदेश: फॅटी लिव्हर साफ करायला गुळवेल.

‘ता काय औषाद? ती आपली गुळवेल.’

इथे जपून लिहायला हवं. गुळवेल आयुर्वेदात मान्यता पावलेली वनस्पती आहे आणि ती घेणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही. पण कोविडच्या काळात ती घरोघरी रोज घेतली जाऊ लागली, आणि २०२१मध्ये मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण प्रसिद्ध केले. त्यात ऑटोइम्यून हेपटायटिसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्याची लक्षणं दिसली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी तिची बहीण-वेल वापरली गेली असावी, असा एक मुद्दा त्यात होता. वेल ओळखण्यात घोटाळा होतो हे खरंच आहे. पण यकृतापुरतं पाहिलं तर काकींसारख्या रुग्णाला त्याने फरक पडत नाही. वेल कुठलीही असो, ती थांबवायचीच होती. थायरॉईडसारखा प्रतिकारशक्तीशी जोडलेला आजार आधीपासून असेल तर अशी प्रतिक्रिया उमटण्याची शक्यता जास्त दिसते, आणि काकींच्या थायरॉईडमागे बहुधा तेच कारण होतं.

स्टिरॉइड द्यायचं की थांबायचं

काढा त्याच दिवशी बंद झाला. प्रतिकारशक्ती उलटल्याच्या खुणा तपासल्या: एएनए १:१६० पॉझिटिव्ह, आयजीजी २१५० (वरची मर्यादा १६००च्या आसपास). एसजीपीटी मर्यादेच्या किती पट आणि अल्कलाइन फॉस्फेटेज किती पट, यांचा भागाकार केला तर उत्तर चौदाच्या पुढे येत होतं. पाचच्या वर म्हणजे मार पेशींवर आहे, पित्तनलिकेवर नाही. औषधाने लिव्हरच्या पेशींना इजा होऊन कावीळही झाली, तर अशा रुग्णांत दहातला साधारण एक दगावतो किंवा त्याला लिव्हर बदलावं लागतं, हा जुना अनुभव आहे. म्हणून ‘काढा थांबवला, आता बरं होईल’ म्हणून घरी पाठवण्याजोगं हे प्रकरण नव्हतं. काकींना बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पाठवलं. आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक गुंतागुंतीच्या केसेस गोव्याची हद्द ओलांडतात, त्यातलीच ही.

तिथे बायोप्सी झाली. लिव्हरच्या कप्प्यांच्या कडेने सूज, प्लाझ्मा पेशींची दाटी, काही इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पेशी. म्हणजे ऑटोइम्यूनसारखं चित्र आणि त्यात औषधाची खूण. शिवाय साधारण एक तृतीयांश पेशींत चरबी आणि अगदी सुरुवातीचं फायब्रोसिस. दोन दुखणी एकाच तुकड्यात शेजारी शेजारी दिसत होती.

उलटलेली प्रतिकारशक्ती दाबणारं स्टिरॉइड लगेच सुरू करावं असं वाटण्यासारखी वेळ होती. पण तोवर एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, आला होता: ६.९. काकींना मधुमेह होता आणि तो कुणाला माहीत नव्हता. स्टिरॉइडने साखर आणखी चढली असती, वजन वाढलं असतं, लिव्हरमधली चरबीही वाढली असती. आयएनआर स्थिर होता, गुंगी नव्हती, पोटात पाणी नव्हतं. तेव्हा दर तीन दिवसांनी रक्त तपासायचं, आकडे उतरत राहिले तर थांबायचं, अडले किंवा आयएनआर १.५वर गेला तर त्याच दिवशी स्टिरॉइड, असं ठरलं. हा निर्णय मला पटला. प्रत्येक रुग्णात तो असाच घेता येईल असं नाही. अनेकांना स्टिरॉइडशिवाय गत्यंतर नसतं.

आकडे उतरले. दोन आठवड्यांनी एसजीपीटी ४२०, बिलिरुबिन ३.१. सहा आठवड्यांनी १४० आणि १.३. गणपती आले-गेले, काकींनी उकडीचे मोदक वळले पण खाल्ले नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटी एसजीपीटी ५८, एसजीओटी ४१, आयजीजी १४८०.

आणि तिथेच अडकले. डिसेंबरात ५९, जानेवारीत ५७.

उरलेलं

काढ्याचा हिशेब मिटला होता. हे ५८ मे महिन्यातल्या ६८चंच पुढचं पान होतं. आता मे महिन्यात करायला हव्या होत्या त्या गोष्टी केल्या. कंबर ९२ सेंटिमीटर; आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८०. बीएमआय २६. पाश्चात्त्य तक्त्यात ही ‘थोडं जास्त वजन’ असलेली बाई, पण भारतीयांसाठी २३च्या पुढे जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठ धरतात, कारण आपली चरबी हातापायांवर कमी आणि पोटात जास्त साठते. सडपातळ दिसणाऱ्यांनाही फॅटी लिव्हर होतो तो त्यामुळेच. ट्रायग्लिसराइड २१२. टीएसएच ९, म्हणजे थायरॉईड अजून कमीच, गोळी चालू असूनही, कारण ती सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर घेतली जात होती. थायरॉईड कमी राहिला तर वजन, कोलेस्टेरॉल आणि लिव्हरची चरबी तिन्ही वाढायला मदत होते.

खाण्याबद्दल घरच्यांनी निकाल आधीच लावला होता: नारळ. वाटप बंद, सोलकढी बंद. मला नारळावर सगळं खापर फोडणं पटत नाही. ओलं खोबरं बेतानेच खावं, त्यात संपृक्त चरबी आहे. पण काकींच्या दिवसाकडे पाहिलं तर मोठा चोर दुसरीकडे होता. सकाळपासून पाहुण्यांबरोबर सात-आठ कप गोड चहा. अमृत कोकमाची बाटली घरीच बनते, त्यात कोकमापेक्षा साखर जास्त. उन्हातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला एक ग्लास आणि सोबत स्वतःला अर्धा. मे महिन्यात वर आमरस. रात्री पाहुण्यांची ताटं उचलून झाल्यावर साडेदहा-अकराला स्वतःचं जेवण, त्यात उरलेला भात, आणि उरलेलं टाकायचं नाही हा नियम. साखरेतलं फ्रुक्टोज बहुतांशी लिव्हरच पचवतं आणि जास्तीचं झालं की त्याची चरबी बनवतं. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालेलं असेल तर पोटातल्या चरबीतून सुटणारी आम्लंही रक्तातून लिव्हरकडेच येतात. तेलाचा थेंब न खाताही लिव्हर चरबीने भरू शकतं. म्हणून ‘तेलकट बंद’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तोकडा आहे.

‘दिवसभर पायांवर उभी असतंय, आणखी काय व्यायाम?’ हाही मुद्दा खोटा नव्हता. पण उभं राहणं आणि दम लागेल असं चालणं यात फरक आहे. ते पटायला वेळ लागला.

फायब्रोसिसचा अंदाज घ्यायला एफआयबी-४ नावाचा हिशेब करतात. वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. काकींचा आकडा १.२. १.३च्या खाली म्हणजे गंभीर फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, आणि बायोप्सीही तेच सांगत होती. हाच हिशेब ऑगस्टच्या आकड्यांवर केला असता तर उत्तर साडेपाच आलं असतं, सिरोसिस असल्यासारखं. एन्झाइम्स एकाएकी चढलेली असताना हा हिशेब करू नये, तो फसवतो. वयाची पासष्टी ओलांडलेल्यांसाठी खालची मर्यादा २.० धरतात. १.३ ते २.६७च्या मधल्यांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावा.

उपचारात चमत्कारिक काही नाही. वजन ३ ते ५ टक्के उतरलं तर चरबी कमी होते, ७ टक्क्यांच्या पुढे सूज ओसरते, १० टक्क्यांपर्यंत गेलं तर फायब्रोसिसही मागे हटू शकतं. ६४ किलोच्या बाईला ७ टक्के म्हणजे साडेचार किलो. चहा दोन कप, बिनसाखरेचा. सरबत पाहुण्यांना, स्वतःला कोकमाच्या आगळाचं मीठ-जिरं घातलेलं पाणी. जेवण पाहुण्यांच्या आधी, साडेसातला, भात एक वाटी, मासे तव्यावर किंवा कालवणात, पोटभर. बांगडा-तारल्यांना कुणी हात लावला नाही, उलट ते खायलाच सांगितलं. पहाटे भरती-ओहोटी बघून पुळणीवरून पाऊण तास. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. साखरेसाठी मेटफॉर्मिन, ते लिव्हरमधली चरबी काढत नाही, पण साखरेला लागतंच. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आकडे खाली बसल्यावर सुरू केलं. एन्झाइम्स किंचित वाढलेली आहेत म्हणून स्टॅटिन बंद करणारे पुष्कळ दिसतात. फॅटी लिव्हरच्या रुग्णांचा जीव बहुतेक वेळा हृदयविकार घेतो, लिव्हर नव्हे. त्यामुळे तो बंद करण्यात तोटाच आहे. बी कावीळीची लस दिली. ‘लिव्हर साफ करणाऱ्या’ गोळ्या लिहून दिल्या नाहीत, आणि काकी त्यावर थोड्या नाराजच होत्या.

२०२३मध्ये या आजाराचं नाव जगभर बदललं, चयापचयाशी जोडून नवं नाव आलं. आपल्या केंद्र सरकारने २०२१मध्येच तो मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला होता. म्हणजे तत्त्वतः गावपातळीवर कंबर मोजली जायला हवी. शिबिरात टेप असतो तरी का, हा प्रश्न विचारून पाहावा.

पुढच्या मेमध्ये काकी ५९ किलोंवर होत्या. एसजीपीटी ३१, एचबीए१सी ६.२, टीएसएच ३.१. लॅबच्या कागदावर ३१पुढे ‘जास्त’ दाखवणारा तारा नव्हता. बायकांसाठी खरी निरोगी मर्यादा १९ ते २५ धरावी असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनेने २०१७मध्येच सुचवलं आहे, त्यामुळे अजून दोन किलो मागितले.

दोन गोष्टी उघड्या आहेत. औषधाने पेटलेला ऑटोइम्यून हेपटायटिस काहींमध्ये औषध थांबल्यावर कायमचा शांत होतो. काहींमध्ये तो मुळातच खरा ऑटोइम्यून हेपटायटिस असतो आणि वर्ष-दोन वर्षांनी परत डोकं काढतो. म्हणून दर सहा महिन्यांनी एन्झाइम्स आणि आयजीजी. आणि गुळवेल पुन्हा नाही: काढा नाही, गोळी नाही, इम्युनिटीच्या मिश्रणातून नाही. दुसऱ्या खेपेला इजा सहसा लवकर होते आणि जास्त जोराने होते. काकींच्या केसपेपरवर ॲलर्जीच्या रकान्यात ते लाल शाईने लिहून ठेवलं आहे. पुढचं रक्त दसऱ्यानंतर.